जुनी जपावी की नवी घ्यावी?

आमची २०११ची पेट्रोल गाडी अजून एका सेल्फमध्ये सुरू होते. गल्लीतल्या मेकॅनिकला तिचा आवाज पाठ आहे. यंदा क्लचप्लेट बदलली, तरी वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या दोन हप्त्यांत बसला. नवीची किंमत विम्याच्या हिशेबात वर्षभरातच १५ टक्के उतरते; पार्किंगमधला पहिला ओरखडा जिवाला लागतो तो वेगळाच!

पण १५ वर्षं भरली की आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर, पाच वर्षांचं नूतनीकरण आलं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होण्याची धास्ती आहेच. आणि एअरबॅग? आमच्या गाडीत एकही नाही. घाट उतरताना, मुलं मागे झोपलेली असली की तेवढं टोचतं. बाकी शाळा-भाजीला जुनीच बरी.