मातीत सापडलेलं युद्धपदक कुणाचं? गोव्यात बसून वापरता येणाऱ्या शोधसेवांची पारख

माडाचं आळं खणताना, जुना गडगा काढताना किंवा पडलेल्या घराचे चिरे उपसताना राजाच्या छापाचं एखादं जाड नाणं हाती येतं आणि वरची तुटकी कडी पाहिल्यावर ते पदक असल्याचं लक्षात येतं. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत हे अगदीच नवलाचं नाही. गोवा पोर्तुगिजांचा असला तरी माणसं सावंतवाडी, बेळगाव, मुंबई गाठून ब्रिटिशांच्या पलटणीत, बँडमध्ये, भटारखान्यात आणि बोटीवर लागत होती. अशा पदकाचा धनी शोधून द्यायला आज कोणत्या सेवा कामाला येतात, त्याचं हे परीक्षण. कसोटी एकच लावली आहे: पदकाच्या कडेवरच्या अक्षरांपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत ती सेवा आपल्याला किती पावलं नेते?

पण कोणत्याही सेवेकडे जाण्याआधी कड नीट वाचलेली हवी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सापडल्या सापडल्या पदक चिंचेने, आमसुलाने किंवा भांडी घासायच्या पुडीने लखलखीत केलं जातं. ब्राँझवरची हिरवी पुटं आणि चांदीवरचा काळा थर यांच्याखालीच अक्षरांच्या कडा शाबूत असतात, आंबटाने आधी त्याच जातात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं, पदक त्यात बुडवून ठेवावं, पाणी रोज बदलावं आणि माती सुटली की लहान मुलाच्या मऊ ब्रशने हलकेच काढावी. खाजन जमिनीतून किंवा किनाऱ्याजवळून निघालेल्या ब्राँझमध्ये मीठ मुरलेलं असतं. सुकल्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसू लागली तर गंज अजून चालू आहे असं समजावं. असं पदक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावं. पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नये, तिच्यातून सुटणारं आम्ल धातू खातं.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे कडेचा घेर साधारण ११३ मिलिमीटर. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा फोटो काढले की एकेका फोटोत जेमतेम साडेनऊ मिलिमीटर येतात आणि एकही अक्षर निसटत नाही. टॉर्च एका बाजूने, कडेला जवळजवळ समांतर धरावा. तरीही वाचता आलं नाही तर कडेभोवती पातळ बटर पेपर गुंडाळून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी. डोळ्यांना न दिसलेला क्रमांक कागदावर उमटतो. कडेवरचा क्रम ठरलेला असतो: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. यातला क्रमांक आणि पलटण सोन्यासारखे जपावेत. नावावर फार भिस्त ठेवू नये. सावंत एका ठिकाणी डब्ल्यूने तर दुसऱ्या ठिकाणी व्हीने लिहिलेला असतो आणि लक्ष्मणाची स्पेलिंगं तर कारकुनागणिक वेगळी. मराठा हा शब्दही त्या काळी मधे एच आणि पुढे दोन टी घालून लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलं की हाती शून्य येतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) ऑनलाइन शोधसेवा सर्वांत सोपी आणि पूर्ण मोफत आहे. प्रगत शोधात सेवा क्रमांकाचा वेगळा रकाना असतो. तिथे क्रमांक भरावा, रेजिमेंटच्या रकान्यात जुन्या स्पेलिंगने मराठा लिहावं आणि नावाचा रकाना रिकामा ठेवावा. नुसत्या क्रमांकावर मात्र शोधू नये. पहिल्या महायुद्धात शिपायांचे क्रमांक पलटणीपुरते असत, त्यामुळे तोच चार आकडी क्रमांक अनेक पलटणींत सापडतो. सेवेचं मोठं बलस्थान तिच्या पुरवणी माहितीच्या ओळीत आहे. अनेक भारतीय नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अशी ओळ मिळाली की निम्मं काम झालंच. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेले आणि ज्यांची कबर ठाऊक नाही असे मराठे बसरा स्मारकाखाली सापडतात, फ्रान्समधले न्यूव्ह-शापेल स्मारकाखाली. मर्यादा मात्र कायमची आहे. इथे फक्त मृतांच्या नोंदी आहेत आणि त्याही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतींतल्याच. जो शिपाई घरी परतला, पेन्शन खाऊन म्हातारा झाला आणि ज्याचं पदक कुळागरात पडलं, तो इथे नाही. नाव मिळालं नाही म्हणून पदक खोटं, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, तो साफ चुकीचा आहे. मृतासाठी पाचपैकी साडेचार, जिवंत परतलेल्यासाठी शून्य.

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिस्कव्हरी या ऑनलाइन सूचीत डब्ल्यूओ ३७२ या मालिकेखाली पहिल्या महायुद्धाची पदक-कार्डं आहेत. शोध मोफत आहे. कार्डावर हुद्दा, क्रमांक, पलटण, कोणती पदकं मिळाली आणि पदकपटाच्या (पदकं मिळालेल्यांच्या यादीच्या) पानाचा हवाला असतो, काही वेळा तो कोणत्या रणभूमीवर केव्हा उतरला तेही. भारतीय शिपायांची कार्डं यात आहेत, पण सगळ्यांची नाहीत. असली तरी गावाचं नाव त्यांवर बहुधा नसतं. म्हणजे पदक खरं आहे आणि ते याच माणसाचं आहे, एवढी खात्री होते, घर सापडत नाही. पदक ब्रिटिश सैनिकाचं निघालं तर त्याच अभिलेखागारातली सेवापुस्तिका मिळेल या आशेवर राहू नये. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात लागलेल्या आगीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या निम्म्याहून अधिक फायली जळाल्या.

याच अभिलेखागाराचा एक कोपरा मात्र गोवेकरांसाठी खास आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे. पहिल्या युद्धात बोटीवर असलेल्या तारवट्यांना मर्कंटाइल मरीन वॉर मेडल मिळालं. ते ब्राँझचं असतं, मागच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात लाटा कापत निघालेली व्यापारी बोट आणि बुडणारी पाणबुडी. फीत शिल्लक असेल तर ओळख पटायला क्षणही लागत नाही: हिरवा आणि लाल पट्टा, मधे पांढरी रेघ, म्हणजे बोटीचे उजव्या-डाव्या बाजूचे दिवे आणि डोलकाठीवरचा पांढरा दिवा. या पदकाच्या कडेवर क्रमांक नसतो, हुद्दाही नसतो, फक्त नाव. डिसोझा किंवा फर्नांडिस एवढंच वाचून गोव्यात कुणाचं दार ठोठावणार? पण बीटी ३५१ या मालिकेतल्या कार्डांवर जन्मस्थळ आणि जन्मसाल असतं. शोधाच्या रकान्यात नावासोबत गोवा हा शब्द टाकावा. जन्मसाल मिळालं की त्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वहीपर्यंत सरळ वाट जाते. तारवट्याच्या पदकासाठी या सेवेला पूर्ण गुण.

शिपायाच्या पदकासाठी आमची पहिली पसंती बेळगावला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि अभिलेख कार्यालय तिथे आहे, आणि पणजीहून चोर्ला घाटाने गेलं तर ते एका दिवसाचं काम आहे. तरी आधी लेखी पत्र पाठवावं. पत्र लिहिण्यापूर्वी पलटणीचं नाव बदलून घ्यावं लागतं, कारण १९२२ साली सगळ्या पलटणींना नवे आकडे मिळाले. जुनी १०३ मराठा पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ दहावी. कडेवर ११० असेल तर पत्रात ‘जुनी ११० मराठा, नंतरची ३/५ मराठा’ असं दोन्ही लिहावं. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा पेन्सिलठसा, व्यास, वजन, सापडल्याचं गाव आणि तालुका, स्वतःच्या ओळखपत्राची प्रत. आणि एक गोष्ट न चुकता: कुटुंबाचा पत्ता मागू नये. तिऱ्हाइताला पत्ता देणं कोणत्याही कार्यालयाला अवघड जातं आणि पत्र तिथेच पडून राहतं. त्याऐवजी कुटुंबासाठी बंद पाकीट जोडावं आणि ते पुढे पाठवण्याची विनंती करावी. तशीच प्रत पणजीच्या सैनिक कल्याण खात्याला आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी. पेडण्यात सापडलेल्या पदकाचं कुटुंब सीमेपलीकडे बांद्यात असणं यात काहीच अनपेक्षित नाही.

स्वातंत्र्यानंतरची पदकं इथे अधिक लवकर मार्गी लागतात. १९४७चं जनरल सर्व्हिस मेडल ओळखायला मराठी माणसाला पुस्तक लागत नाही: पुढच्या बाजूला म्यानातली भवानी तलवार, भोवती प्रभावळ आणि मागे कमळ. त्यावर गोवा १९६१ अशी पट्टी असेल तर ते ऑपरेशन विजयमधल्या सैनिकाचं. त्या मोहिमेत मराठ्यांची पॅरा पलटणही होती, पण शीख, पंजाबी आणि इतरही होते. स्वातंत्र्यानंतर सैनिकी क्रमांकांचे गट रेजिमेंटनिहाय वाटले गेले, त्यामुळे नाव पुसलं गेलं तरी नुसत्या क्रमांकावरून रेजिमेंट ठरवता येते. सैनिक हुतात्मा झाला असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या नामावलीत आधी पाहावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तारका आणि पदकं पाहताना एक भेद ध्यानात ठेवावा. ब्रिटिशांना ती नावाविना दिली गेली, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव ठोकलेलं असतं: तारकेच्या पाठीवर, गोल पदकाच्या कडेवर. कड कोरी दिसली तर आधी तारकेची पाठ तपासावी.

पंजाबात गावनिहाय भरतीची मोठी नोंदवही आता ऑनलाइन आहे, तिचा कोकण-गोव्याला उपयोग नाही. त्याऐवजी कोकणातल्या अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर ‘या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले’ अशा पाट्या आहेत. त्यांवर नावं नसतात, पण गाव बरोबर आहे का याचा कौल मिळतो.

पदक पोर्तुगीज असेल तर वाट बदलते. पोर्तुगिजांची स्मरणपदकं बहुधा नावाविना दिली गेली, त्यामुळे कड उजळून उपयोग नाही. लिस्बनच्या लष्करी ऐतिहासिक अभिलेखागारात फ्रान्सला गेलेल्या पोर्तुगीज फौजेतल्या सैनिकांची वैयक्तिक पत्रकं आहेत, पण त्यासाठी नाव आधीच माहीत हवं. इथे पणजीचं पुराभिलेख खातं उपयोगी. या संग्रहाची सुरुवात १५९५ची, दियोगो द कोउतो पहिला अभिलेखपाल. कागद पोर्तुगीज भाषेत आणि हस्ताक्षरात आहेत, तेव्हा भाषा जाणणारा माणूस सोबत न्यावा. पदकावरच्या नावाची फाईल इथे आयती मिळत नाही. घराणं मिळतं. हिंदू घराण्यासाठी देवस्थानाची महाजनांची यादी, गावकारासाठी कोमुनिदादची वही, ख्रिस्ती घरासाठी चर्चची वही, आणि १९१४नंतरच्या जन्मासाठी रेजिस्तातली (सरकारी जन्मनोंदणीतली) नोंद. आडनाव, बापाचं नाव आणि गाव जुळलं की धागा पक्का होतो.

पैसे घेऊन शोध करणाऱ्या खासगी लोकांविषयी थोडक्यात: वर सांगितलेली मोफत सूची पाहून तिचाच अहवाल देत असतील तर पैसे वाया. प्रत्यक्ष लंडनला जाऊन पदकपट पाहणार असतील तरच विचार करावा, आणि पदक कुरिअरने कुणाकडेही पाठवू नये.

सापडल्याची जागा म्हणजे धन्याचं घर, हे धरून चालू नये. भरावाची माती असेल तर ट्रक कुठून आला हे कंत्राटदाराला त्याच आठवड्यात विचारावं, पुढे त्यालाही आठवत नाही. मामलेदार किंवा कलेक्टर कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. १८७८च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू कलेक्टरला कळवायला सांगितलं आहे. शिवाय सापडलेली वस्तू धन्याचा वाजवी शोध न घेता स्वतःची करणं हा गुन्हा आहे, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४मध्ये आहे. हा शोध घेतल्याचा कागद म्हणजे वर सांगितलेल्या पत्रांच्या स्पीड पोस्टच्या पावत्या.

समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर पदकाची पुढची बाजू दाखवावी, कडेचा फोटो टाकू नये. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे राखून ठेवावेत. खऱ्या घरी पेन्शन बुक, डिस्चार्ज बुक किंवा निदान फ्रेममधला जुना कागद असतो आणि ते आकडे त्यातून सांगता येतात. वारस एकाहून अधिक असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्यावी आणि मगच घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती पदक द्यावं. दोन प्रतींत पोचपावती करावी, तिच्यावर कडेचा पेन्सिलठसा चिकटवून दोघांनी ठशावर आडवी सही करावी.