मिरचीच्या रोपांना काय पाजावं : विद्राव्य खत, व्हर्मीवॉश, जीवामृत, की नुसतं पाणी?

पाडव्याच्या मागंपुढं दाजींचा फोन ठरलेला. "पाहुणे, रोपं पिवळी दिसायलेत. एकोणीस-एकोणीस सोडू का जीवामृत?" एकोणीस-एकोणीस म्हणजे १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, आणि जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं मुरवलेलं पाणी. आमच्या भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात उन्हाळी मिरचीचे बेड पडायला लागले की हा प्रश्न दर चार घराआड ऐकू येतो. दरवर्षी मी त्यांना उलट विचारतो, "ट्रेत काय भरलंय?" आणि दरवर्षी दाजी म्हणतात, "ते जाऊ द्या, औषधाचं सांगा."

पण ते जाऊ देता येत नाही. काय पाजायचं याचं निम्मं उत्तर ट्रेत भरलेल्या मालावर असतं आणि उरलेलं बोअरच्या पाण्यावर. दुकानात मिळणारा पुडा त्यानंतर येतो.

नर्सरीवाले बहुतेक नुसतं कोकोपीट भरतात. नारळाचा भुसा पाणी छान धरतो, मुळ्या मोकळ्या वाढतात, पण त्यात खायला जवळपास काही नसतं. त्यामुळे नर्सरीत खरी पानं फुटली की विद्राव्य खत सुरू होतं, तिथं दुसरा इलाज नाही. घरी रोपं करणारा माणूस मात्र कोकोपीटमध्ये गांडूळखत किंवा चाळलेलं जुनं शेणखत मिसळतो. मी दोन पाट्या कोकोपीट आणि एक पाटी गांडूळखत घेतो. म्हणजे रोपाचं ताट आधीच वाढून ठेवलेलं असतं. नर्सरीवाल्याचं वेळापत्रक उचलून अशा ट्रेवर चालवलं की रोपाला दोनदा जेवण होतं. घरच्या रोपांची बिघडलेली जी प्रकरणं मी पाहिली, त्यात उपाशी रोपं थोडी, जास्त पाजलेलीच जास्त.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. चांगल्या गांडूळखतात एक ते दीड टक्का, कधी थोडं जास्त. आकडे किरकोळ वाटतात, पण ९८ कप्प्यांच्या ट्रेतलं इवलंसं रोप खाऊन खाऊन किती खाणार? मिरचीचं बी उगवायला सात ते दहा दिवस घेतं. पुढचा आठवडाभर रोप बियातल्या शिदोरीवर आणि पहिल्या दोन दलपत्रांवर जगतं. दोन वर्षांपूर्वी मी शेजारी शेजारी दोन ट्रे ठेवून पाहिले, एकात नुसतं कोकोपीट, एकात माझं मिश्रण, दोन्हींना साधं पाणी. पंधराव्या दिवशी मला फरक ओळखता आला नाही. विसाव्या दिवशी कोकोपीटचा ट्रे पोपटी पडला. मिश्रणाचा ट्रे पंचविसाव्या दिवसापर्यंत काळपट हिरवा होता, मग तोही फिका व्हायला लागला. तेव्हा मिश्रणाच्या ट्रेत खताचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, त्याआधी नाही.

यात एक मेख आहे, आपला उन्हाळा. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, जाळीखालीही दिवसातून दोन-तीनदा झारी फिरवावी लागते. उष्णतेनं गांडूळखतातलं नत्र भराभर सुटतं आणि प्रत्येक पाण्याबरोबर खालच्या भोकातून निघून जातं. हिवाळ्यात तोच ट्रे जास्त दिवस टिकतो. म्हणून कुणी "अमुक दिवशी पहिला डोस" असं ठोकून सांगितलं की मी ऐकून घेतो आणि पान बघतो.

आता पर्याय. १९:१९:१९ ची खरी ताकद अशी की काय दिलं ते आपल्याला कळतं. नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के, पाण्यात विरघळतं, मोजून देता येतं. खतमिश्रित ट्रेला पहिल्या वेळी लिटरला अर्धा ग्रॅम, पुढं फार तर एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. नर्सरीत दोन ग्रॅमपर्यंत जातात, ते कोकोपीटला चालतं. यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. ते रोपाच्या कामी नीट यायचं तर जिवाणूंनी त्याचं रूपांतर करावं लागतं, आणि गांडूळखत असलेल्या ट्रेत ते जिवाणू मुबलक असतात. रासायनिक आणि सेंद्रिय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं वैर असं मानणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

खर्चाचं म्हणाल तर अर्ध्या एकराला ४५ ट्रे धरा. एका ट्रेला अर्धा-पाऊण लिटर पाणी, म्हणजे एका आळवणीला २५ ते ३० लिटर. लिटरला एक ग्रॅमनं तीस ग्रॅम. चार-पाच वेळा दिलं तरी दीडशे ग्रॅमच्या पुढं जात नाही. किलोचा पुडा फोडला की उरलेला पुढच्या वर्षीपर्यंत ओल धरून दगड होतो. शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या. आणि मोजायला वजनकाटा वापरा. "एक झाकण" हे माप माझ्या घरातच तीन जणांचं तीन तऱ्हेचं निघालं.

धोका एवढाच की याचा परिणाम डोळ्यांना लवकर दिसतो आणि हात सैल होतो. चार दिवसांत रोप हिरवंगार, मग अजून एकदा, मग अजून एकदा. रोपं वीतभर वाढतात, पण दांडा सुतळीसारखा. मेच्या उन्हात मल्चिंगच्या भोकात लावली की दुपारी माना टाकतात. दाजींची मागच्या वर्षीची रोपं अशीच. गावात सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांत जास्त तूट त्यांच्याच वावरात.

१२:६१:०० हे दुसरं विद्राव्य खत, त्यात स्फुरद ६१ टक्के, मुळ्यांसाठी म्हणून विकलं जातं. गांडूळखताच्या ट्रेला ते लागतंच असं मला वाटत नाही. लावणीच्या आधी एखादी हलकी आळवणी ठीक. कॅल्शियम नायट्रेट देणार असाल तर या खतांबरोबर एका बादलीत कालवू नका, स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र आले की दूध नासल्यासारखा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात.

व्हर्मीवॉश माझ्या आवडीचा, पण त्याच्याबद्दल खात्रीनं बोलणं अवघड. गांडुळाच्या बेडमधून झिरपलेलं ते तांबूस पाणी प्रत्येकाचं वेगळं. कुणाचा बेड शेणाचा, कुणाचा उसाच्या पाचटाचा, कुणी पाणी सपासप मारतो, कुणी थेंबथेंब. त्यातलं नत्र किती हे न तपासता कुणीच सांगू शकत नाही. मी एका भागाला दहा भाग पाणी घालतो, रंग फिक्क्या चहासारखा आला पाहिजे, दुधाशिवायचा. कपड्यातून दोनदा गाळतो. एवढं पातळ केल्यावर त्यातून रोप करपलेलं मी पाहिलं नाही, आणि त्यातून एकदम काळभोर झालेलंही पाहिलं नाही. रोप आधीच बरं असेल तर ते बरं राखायला उत्तम. पिवळं पडलेलं रोप आठ दिवसांत उभं करायचं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. विकतच्या बाटलीपेक्षा घरचं बरं, वासावरून तरी कळतं. पावसाच्या मातीसारखा वास असेल तर वापरा, नाक मुरडावंसं वाटलं तर झाडाच्या आळ्यात ओता.

जीवामृताबद्दल लिहिलं की शिव्या बसतात, तरी लिहितो. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. अठ्ठेचाळीस तास सावलीत ठेवलं की तयार. वावरात, आच्छादनाखाली, ठीकच आहे. पण त्याचा प्रसार करणारे सुभाष पाळेकरसुद्धा त्याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. विरजण लावायला पातेल्यात दूध लागतं. ट्रेच्या कप्प्यात दोन चमचे माल असतो आणि तो आधीच जिवाणूंनी भरलेला. वर गूळ-बेसनाचं पाणी ओतलं की पृष्ठभागावर बुरशीचा पांढरा थर येतो, चिलटं जमतात, शेणाचे तंतू कोवळ्या दांड्याला चिकटतात, आणि ओल राहिली की रोपं बुडाशी पिचकून आडवी होतात. रोप वावरात गेल्यावर आठ दिवसांनी द्या, तिथं त्याचं काम आहे.

गोमूत्राचा तर मी स्वतः मार खाल्लाय. कुणीतरी दहाला एक सांगितलं, मी सकाळच्या घाईत बहुधा पाचला एक केलं, आणि वरून ऊन होतं. संध्याकाळी पाहिलं तर पानांच्या कडा पापडासारख्या कडकड वाजत होत्या. बारा ट्रे गेले. वर ठेवलेलं एक फडकंही त्या वासानं बायकोनं फेकून दिलं.

बुरशीसाठी काही द्यायचं तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण) किंवा साधं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) भरतानाच मालात कालवा. ते खाद्य नव्हे, राखणदार आहे. त्याच आठवड्यात वरून तांब्याचं बुरशीनाशक मारलं की राखणदारच मारला.

नुसतं पाणी हाही पर्यायच आहे, आणि पहिले तीन आठवडे तोच माझा. पण पाणी कसलं? आपल्याकडचं खोल बोअरचं पाणी म्हणजे क्षार. ठिबकच्या नळीत पांढरं साठतं तेच ट्रेच्या कडेला साठतं. पाण्यातले क्षार मोजणारा शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. पाचशेच्या आत असेल तर निवांत. हजाराकडे जात असेल तर पाणी स्वतःच एक डोस आहे, त्यात लिटरला दोन ग्रॅम खत म्हणजे कोवळ्या मुळ्यांना मिठाचं पाणी. विहिरीचं किंवा जारचं पाणी निम्मं मिसळा. रोपांना जारचं पाणी पाजतो म्हणून मला गावात हसले, पण ४५ ट्रेला निम्म्याला निम्मं मिसळून एका वेळेला एक जारही पुरतो. आणि दुपारी उन्हात तापलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी आधी सोडून द्या, हात लावून बघा म्हणजे कळेल का ते.

आता पिवळेपणाचं, कारण सगळे फोन त्यावरूनच येतात. खालची, जुनी पानं आधी फिकी पडली आणि वरचा शेंडा हिरवा असेल, तर नत्र कमी पडतंय. इथं एकोणीस-एकोणीस काम करतं. उलट शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते लोह. ट्रेत लोह नसतं असं नाही, चुन्याच्या पाण्यानं सामू (पीएच) चढतो आणि रोपाला ते उचलता येत नाही. इथं नत्र कितीही ओता, काही होत नाही. पाण्यात चिमूट-चिमूट सायट्रिक ॲसिड टाकत पट्टीवर सामू सहा-साडेसहावर आणा. चिलेटेड लोह (रोपाला उचलता येईल असं बांधलेलं लोह) घ्यायचं तर ईडीडीएचएचं घ्या, चुनखडीच्या पाण्यात ईडीटीएचं फार टिकत नाही.

तिसरा पिवळेपणा सगळ्या रोपाचा, वर-खाली सारखा, रोप सुस्तावलेलं. इथं मी एक रोप मालासकट उपटतो. मुळ्या पांढऱ्या आणि गच्च असतील तर रोप भुकेलं आहे. मुळ्या तपकिरी, माल बोटांनी दाबला की पाणी गळतंय, आंबूस वास येतोय, तर रोपाला खत नको, कोरडं पाहिजे. दोन दिवस झारी बंद. अर्धवट कुजलेलं शेणखत भरलं असेल तरी असंच होतं, कुजवणारे जिवाणूच नत्र खाऊन टाकतात. शेणखत मुठीत धरलं आणि गरम लागलं किंवा अमोनियाचा वास आला, तर ते ट्रेत भरण्याच्या लायकीचं नाही. हुमणीची अंडी-अळी येते ती वेगळीच.

तेव्हा ट्रे नुसत्या कोकोपीटचे असतील तर विचार करत बसू नका, विद्राव्य खतच. गांडूळखताचे असतील, पाणी गोड असेल आणि घाई नसेल तर विसाव्या दिवसापासून आठवड्याला एक व्हर्मीवॉश, आणि खालची पानं फिकी पडली तरच अर्धा-एक ग्रॅम एकोणीस. पाणी क्षाराचं असेल तर आधी पाण्याचं बघा. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या वाटेवर असाल तर विद्राव्य खत बादच, मग गांडूळखताचं प्रमाण भरतानाच थोडं वाढवा, पण निम्म्यावर जाऊ नका, माल घट्ट होतो आणि मुळ्यांना हवा लागत नाही.

लावणीच्या आधीच्या सात-आठ दिवसांत मी काहीच देत नाही. पाणीही हात आखडून, सकाळचं ऊन थेट. रोप जरा काळवंडतं, दांडा कडक होतो.

दाजींना मी शेवटी फोटो पाठवायला लावला. शेंडे पिवळे, शिरा हिरव्या. मीटरवर ९४०. म्हटलं, "दाजी, एकोणीस ठेवा बाजूला. दोन जार मागवा."

"रोपांला?"

"रोपांला."

पलीकडून ताई हसल्याचं ऐकू आलं.