गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात गोचीड चावली, त्याचा अनुभव

या दवाखान्याला चार स्टार देतेय. एक कापला तो रिसेप्शनसाठी, का ते खाली सांगते.

श्रावणात माहेरी गेले होते मेढ्याकडं. पावसाचे दिवस, दारात दोन म्हशी म्हणजे गोचिडींचा सुकाळच. मी गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं पण कुत्रं दिवसभर पायाशी लोळायचं, त्याचीच असणार. आंघोळीला डाव्या गुडघ्याच्या मागं हाताला काहीतरी लागलं, मला वाटलं चामखीळ. आईनं बॅटरी मारून बघितलं तर मसुराएवढी राखाडी गोचीड, टम्म. आई म्हणे रॉकेल लावते, वहिनी म्हणे काडी पेटवून चटका द्या आपोआप सुटते, आणि मी नको नको म्हणेस्तोवर आईनं नखात धरून ओढलीसुद्धा. अंग हातात आलं, तोंड राहिलं आत.

तिसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढं लाल, गरम, आणि खाज अशी की झोप नाही. मोबाईलवर वाचायला गेले आणि रडायलाच बसले. भावानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या, पाकिटावर डॉक्सीसायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिक, कुणासाठी पाहिजेत हे त्या माणसानं विचारलंपण नाही. नशीब मी घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला इथे आलो. रिसेप्शनला सांगितलं गोचीड चावलीय, तर ती मुलगी शेजारणीकडं बघून हसली, "मग जनावरांच्या दवाखान्यात जायचं की." पाचवा महिना सांगितल्यावर गप्प झाली, पण नंबर काही वर घेतला नाही. दीड तास, त्यातला अर्धा तास उभ्यानं.

डॉक्टर मॅडम मात्र एक नंबर. भिंग लावून बघितलं, बारीक टोकाच्या चिमट्यानं राहिलेलं तोंड काढलं, मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. आईला म्हणाल्या, "मावशी, रॉकेल नाही, काडी नाही, मधेच पिरगाळायचं पण नाही. कातडीला लागून धरायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. मग साबणानं धुवायचं." आईनं आधी तोंड वाकडं केलं, मग चिमटा कुठं मिळतो विचारलं.

लाली आणि खाज ही गोचिडीच्या लाळेची ॲलर्जी, बाळाचा त्यात संबंध नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं कारण मी दोनदा विचारलं. गोळ्या किती दिल्या असतील? एक. रात्री सेटिरिझिन, वरून कॅलामाइन आणि गार पाण्याची पट्टी. धनुर्वाताची इंजेक्शनं माझी झाली होती, कार्ड बघून ते पण टाळलं. भावानं आणलेलं पाकीट बाजूला ठेवलं, पोटुशीला ही शक्यतो देत नाहीत म्हणाल्या, बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणाम होऊ शकतो. नुसती गोचीड चावली म्हणून अँटिबायोटिक नकोच, तापबिप आला तर बघू, गरोदरपणात चालणारी औषधं आहेत.

मग चौकशी. दोडामार्ग बाजूला जंगलात गेला होता का, म्हणजे माकडतापाचं बघत होत्या, तो गोचिडीनंच होतो. अंगावर कुठं काळी खपली आहे का, ते स्क्रब टायफस नावाच्या तापासाठी, तो गोचिडीनं नाही, अगदी बारीक किड्याच्या पिल्लानं होतो म्हणे, पण तेच गवत आणि तोच पावसाळा. मला दोन्ही नव्हतं. मोबाईलवर वाचलेल्या लाइम या गोचिडीच्या आजाराबद्दल विचारलं तर म्हणाल्या तो मुख्यत्वे अमेरिका-युरोपातला, मेढ्यात त्याची काळजी नको.

शेवटी बॉलपेननं लालीभोवती गोल काढला आणि केसपेपरवर तारीख टाकली. लाली गोलाच्या बाहेर पसरली, किंवा महिनाभरात ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर लगेच या आणि गोचिडीचं आठवणीनं सांगा. फी चारशे. रोज आंघोळीला तो गोल पुसायचा आणि नवरा परत गिरवायचा, पाचव्या दिवशी गिरवायला आतमध्ये लाल असं काही उरलंच नाही, नुसता एक बारीक टिपका.

पोवई नाक्याकडनं येणार असाल तर गाडी लांब लावून चालत या, गल्लीत जागा नाही. आणि खुर्च्या वाढवा हो, पोटुशी बाई उभी राहते आणि आत एसीत फिशटँक!

आठव्या दिवशी दवाखान्यातनं फोन आला, ताप वगैरे नाही ना म्हणून विचारायला. आवाज त्या रिसेप्शनवालीचाच. एवढ्यावर अर्धा स्टार परत दिला असता, पण इथं अर्धा देता येत नाही.