दोन आरसे की तीन? कॅलिडोस्कोप करायला घेण्याआधी

लहानपणी बांगड्यांचे तुकडे भरून केलेला कॅलिडोस्कोप बहुतेकांचा तीन आरशांचा असतो. सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या, वरून चिकटपट्टी, झालं. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१७ साली पेटंट घेतलं ती मूळ रचना मात्र दोन आरशांची. तिथे तिसऱ्या बाजूला काळी पट्टी येते. फरक रांगोळीच्या भाषेत सांगायचा तर तीन आरसे म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, हवी तिकडे वाढवत न्या. दोन आरसे म्हणजे संस्कारभारतीची: मधे एकच गोल फूल, भोवती काळोख.

माझं मत विचाराल तर दोन आरशांचं फूल जास्त देखणं. पण ते चुका पोटात घालत नाही. तीन पट्ट्या सारख्या कापल्या की ६० अंशांचे कोन आपोआप जमतात. दोन आरशांत कोन ठरतो काळ्या पट्टीच्या रुंदीवर. आरसे ४० मिमी रुंद आणि कोन ३० अंशांचा हवा असेल, तर ही पट्टी २०.७ मिमी लागते. ती १ मिमीने चुकली की कोन दीड अंशाने सरकतो. फुलाचे भाग १२, म्हणजे फेरी पूर्ण होताना १८ अंशांचा घोटाळा. एक पाकळी चक्क मोडलेली दिसते. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने ४५ अंश धरावेत: पट्टी ३०.६ मिमी, भाग ८, टोकं ४, आणि तेवढ्याच चुकीचा फटका साधारण १२ अंशांचा. ७२ अंशांच्या वाटेला जाऊ नका. भाग ५ होतात, विषम, त्यामुळे शेवटचे दोन भाग एकमेकांशी जुळतच नाहीत.

तीन आरशांतही दर त्रिकोण चालत नाही. ६०-६०-६०, ४५-४५-९० आणि ३०-६०-९० एवढेच नक्षी सांधा न दिसता पसरवतात. शिवाय कडेची नक्षी मंदावते, कारण प्रकाश तिथे अनेकदा आपटून येतो. आरसा दर वेळी ९० टक्के प्रकाश परत देतो असं धरलं, तरी पाच वेळांनंतर ५९ टक्केच उरतो.

खर्च करायचाच तर तो आरशावर. नेहमीच्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो. पुढचा पृष्ठभागही थोडा चमकतो, म्हणून प्रत्येक प्रतिमेला फिकट सावली चिकटते. तीन आरशांच्या गर्दीत ती खपून जाते, फुलात डोळ्यांत खुपते. फुलासाठी मुलामा पुढच्या बाजूला असलेला फ्रंट सरफेस आरसा घ्या. त्याला बोट लावायचं नाही, आणि वरची फिल्म अगदी जोडताना काढायची.

डोळ्याचं भोक तीन आरशांत मधोमध, दोनमध्ये मात्र आरसे मिळतात त्या कोपऱ्याजवळ. हे विसरून मी एक आख्खी नळी वाया घालवली आहे.

भरण्यात मोठा फरक नाही. कोरडे मणी खडखडत पटकन पडतात, ग्लिसरिनमध्ये सावकाश उतरतात. पण ग्लिसरिन गळतं, तेव्हा शाळकरी पोरांसाठी तीन आरसे आणि कोरड्या बांगड्या बऱ्या. स्वतःसाठी करताय आणि काचवाला मिलिमीटर पाळणारा आहे? मग दोन आरसे, ४५ अंश. नळी २५ सेंमीच्या आसपास ठेवा. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्याहून जवळचं धूसर दिसतं.