गुहेतल्या ट्यूब राईडच्या नावाखाली आमचे पैसे गेले, लालबाग-परळवाल्यांनी तरी नक्की वाचा

हे लिहायला मला सात महिने लागले, कारण विषय निघाला की आईचा चेहरा पडतो आणि मग घरात कोणीच बोलत नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी हनिमूनसाठी त्याच ट्रॅव्हल एजंटकडे कोटेशन मागून आली असं कळलं, म्हणून आज बसलेच.

आईला गुडघ्यांचा त्रास, वय ६८. कोलाडचं राफ्टिंग वगैरे आम्ही तिला कधी विचारलंही नाही. पण लेकाने एकदा तिला मोबाईलवर एक गुहा दाखवली, आत नदी, आणि लोक टायरच्या ट्यूबवर आरामात बसून तरंगत चाललेत. नाव गोवा पिंदुल. आई म्हणाली गोव्यात आहे होय, मग कोकण रेल्वेने जाऊ की! तिला सांगितलं की तिकडच्या भाषेत गोवा म्हणजे गुहा, मूळ शब्द आपलाच संस्कृतातला, आणि ही आहे इंडोनेशियात, जावा बेटावर योग्यकर्ता शहराजवळ, गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरात. जेमतेम ३५० मीटर लांब, पाणी एकदम संथ, वल्हवायचं नाही की चालायचं नाही, गाईड ओढत नेतो. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. बाबा गेल्यापासून तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

एजंट सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनच मिळाला. परळला छोटं ऑफिस, भिंतीवर लोकांचे एअरपोर्टवरचे फोटो. आईला काकू काकू करून कटिंग पाजला, गुडघ्यांचं विचारलं, म्हणाला काकू तुम्हाला ट्यूबमध्ये मी स्वतः बसवल्यासारखं बसवतील तिथली माणसं. आम्ही चौघं, बाली चार रात्री, योग्यकर्ता दोन रात्री, मधली विमानं, व्हिसा, गुहेचं बुकिंग माणशी ६,५०० धरून ३,८०,०००. वर जीएसटी १९,००० आणि टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर, १९,९५०. टीसीएसचं तर त्याने इतकं नीट समजावलं की परदेशी टूर पॅकेजवर घ्यावाच लागतो, रिटर्न भरताना तुम्हाला परत मिळतो ताई, काळजी नको. हे सगळं खरंच आहे आणि इथेच मी फसले, कारण जो माणूस टॅक्सचं एवढं सरळ बोलतो तो चोर असेल असं वाटतच नाही. पैसे मात्र फर्मच्या नावाने नाही, एका बाईच्या सेव्हिंग खात्यात मागितले, 'चालू खात्याचं केवायसी चाललंय' म्हणून. तेव्हाच उठून यायला हवं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये निघालो. बालीला उतरल्यावर पहिला झटका, व्हिसाचे पैसे भरलेलेच नव्हते, माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपिया (तिकडचं चलन) काउंटरवर द्यावे लागले. फोन केला तर म्हणाला ताई भरून टाका, आल्यावर अॅडजस्ट करतो. बालीचं हॉटेल ठीक होतं म्हणून आम्ही शांत बसलो, आणि आता वाटतं की तेवढं बुकिंग त्याने मुद्दाम खरं केलं असणार, म्हणजे आपण तिथे जाईपर्यंत आरडाओरडा करत नाही.

पाचव्या दिवशी योग्यकर्त्याच्या विमानासाठी बालीच्याच डेनपसार एअरपोर्टवर. काउंटरवरच्या मुलीने पीएनआर एकदा टाकला, दोनदा टाकला, मग कागद हातात घेऊन स्वतःशीच एकेक अक्षर वाचत तिसऱ्यांदा टाकला आणि मान हलवली. असं बुकिंगच नाही. मी तो प्रिंटआऊट पहिल्यांदा नीट बघितला तो तिथे, आईच्या नावाची अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होती, कोणाच्या तरी जुन्या तिकिटावर आमची नावं चिकटवलेली. एअरलाईनच्या साईटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं असतं तर लालबागला बसून दोन मिनिटांत कळलं असतं. एजंटचा फोन तेव्हापासून बंद.

नवरा म्हणाला परत फिरूया. पण आई व्हीलचेअरवर पर्स घट्ट धरून बसली होती, काही बोलत नव्हती, ते बघून त्यानेच कार्ड काढलं आणि चार तिकिटं नवीन घेतली, हॉटेलही नवीन. दुसऱ्या दिवशी गुहेकडे जाताना एक बाईकवाला गाडीपुढे येऊन हात करायला लागला, ड्रायव्हर थांबलाच नाही, म्हणाला हे असेच अडवून दुसरीकडे नेतात, थेट काउंटरलाच जायचं. हे पण लक्षात ठेवा कोणी जाणार असाल तर. काउंटरवर आमचं व्हाउचर दाखवलं, तिथल्या पोराने ते दोन मित्रांना दाखवलं, कोणालाच काही माहीत नाही. मग बोर्डावरचा दर दाखवला. आपले ३०० रुपयेसुद्धा होत नव्हते माणशी. आमच्याकडून घेतले होते ६,५००.

गावातलीच माणसं आहेत ती, त्यांचा काही दोष नाही, उलट दोघांनी आईला धरून अलगद ट्यूबमध्ये बसवलं. एकमेकांच्या ट्यूबचा दोर धरायचा आणि गाईड पाण्यातून ओढत नेतो. आधी उजेड, मग अंधुक, मग पूर्ण काळोख, तिथे गाईडने बॅटरी बंद केली. वरून टपटप पाणी पडत होतं. या एका क्षणासाठी आम्ही आलो होतो, आणि त्या काळोखात आईने माझा हात चाचपडत शोधला आणि हळूच विचारलं, "किती गेले गं आपले?"

मुंबईत आल्यावर ऑफिसला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला जुलैअखेरच सामान हलवलं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच दुकानाचा निघाला, आणि २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावाने भरलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, टीसीएसचा एक रुपया नाही. एप्रिल-मेमध्ये भरलेला टीसीएस जुलैनंतर तिथे दिसायला पाहिजे होता. जुलैत रिटर्न भरताना मी २६एएस उघडलं पण होतं, फक्त आदल्या वर्षाचं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, पण पैसे देऊन तीन महिने उलटलेले, त्या खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. पैसे जाताच कळवलं तरच ते खात्यात अडवता येतात. पोलीस आधी म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे, मग खोटी तिकिटं समोर ठेवली तेव्हा अर्ज घेतला. ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार केलीय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उशीर झाला म्हणून कोणी गप्प बसू नका.

त्याच्या पावत्या निळ्या, कोपऱ्यात विमान आणि नारळाचं झाड. तशी पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका आणि तुमच्या पोलीस स्टेशनला आजच जा. आमच्या अर्जाबरोबर अजून दोन-तीन अर्ज आले तर तपास हलेल असं तिथल्या साहेबांनीच सांगितलंय. आणि त्या हनिमूनवाल्या मुलीला मी काल रात्रीच जाऊन सगळे कागद दाखवले, तिने अजून ॲडव्हान्स दिलेला नाही.