स्वतःच्या चॅट सर्व्हरवर खाती उघडताना : आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमचं पुस्तकांच्या मांडणीचं आणि प्रुफं वाचण्याचं छोटं ऑफिस आहे. माणसं 23, त्यातली निम्मी घरून काम करतात. आपला मोबाईल नंबर दर नव्या ग्रुपमध्ये अनोळखी माणसांच्या हाती जातो, ही बायकांची तक्रार रास्तच होती. म्हणून आठ महिन्यांपूर्वी भाड्याच्या सर्व्हरवर सिनॅप्स बसवलं, म्हणजे मॅट्रिक्स या खुल्या चॅट पद्धतीचं सर्व्हर सॉफ्टवेअर, आणि सगळ्यांच्या फोनवर एलिमेंट हे त्याचं चॅट अ‍ॅप टाकलं. खात्याला नंबर लागत नाही, ईमेलही नाही.

नोंदणी मुळात बंदच असते, ती तशीच राहू द्या. 2022 पासून तर पडताळणीशिवाय ती खुली ठेवली की, सेटिंगमध्ये मुद्दाम वेगळी परवानगी दिल्याशिवाय सिनॅप्स सुरूच होत नाही. ही सक्ती मला मनापासून पटते. मी सर्व्हरच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'रजिस्टर न्यू मॅट्रिक्स यूजर' ही कमांड चालवतो. ती नाव विचारते, पासवर्ड दोनदा घेते, अ‍ॅडमिन करायचं का ते विचारते. तिथे नुसतं एंटर दाबलं की साधं खातं तयार. मिनिटभराचं काम.

पण नाव टाकताना घाई करू नका. खात्याचं नाव पुढे बदलता येत नाही. एका ताईंच्या आडनावात माझ्याकडून एक अक्षर राहिलं, ते आजही तसंच आहे. दिसायचं नाव मात्र देवनागरीत हवं ते ठेवता येतं, त्यावर निभावलं.

बाहेरगावच्यांसाठी टोकन चांगलं, म्हणजे ज्याने त्यांना स्वतःच खातं उघडता येतं असा कोड. त्यासाठी नोंदणी फक्त टोकनवाल्यांपुरती खुली करावी लागते. टोकन एकदाच चालेल असं द्यायचं, मुदत घालायची. मुदतीची तारीख 1970 च्या सुरुवातीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांत लागते. मी सेकंदांत दिली, तर सर्व्हरने ती तारीख उलटून गेलेली म्हणून नाकारली.

खरा धडा पावसाळ्यात मिळाला. एका ताईंचा फोन भिजून बंद पडला, पासवर्डही आठवेना. मी अ‍ॅडमिनकडून नवा पासवर्ड दिला, त्या नव्या फोनवर आत आल्या, पण जुना एकही संदेश उघडेना. नव्या फोनवर जुने संदेश उघडणारी लांबलचक अक्षरांची रिकव्हरी की त्यांनी कुठेच लिहून ठेवली नव्हती. एका कादंबरीच्या दुरुस्त्यांवर त्यांचं आणि लेखकाचं तीन महिने चाललेलं बोलणं त्यात होतं. सर्व्हर माझा, डिस्क माझी, तरी मला काहीच करता येईना. संदेशांचं कुलूप माणसाच्या किल्लीनेच उघडतं, म्हणून तर आम्ही हे घेतलं होतं. पण ती किल्ली जपायला सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी खातं उघडून नुसता पासवर्ड पाठवत नाही. शेजारी बसतो, लांब असतील तर फोनवर थांबतो. की कागदावर उतरवून होते, एकेक अक्षर ताडून बघतो, मग बाहेर पडून त्याच कीने पुन्हा आत यायला लावतो. अर्धा तास जातो. आमच्या प्रूफवाल्या काकांनी ती दोनदा लिहिली : एक कागद बँकेच्या पासबुकात, दुसरा देवघराच्या खणात.