बायकोसाठी जुळवलेली लेडीज सायकल, आठ महिन्यांनंतर (आणि त्या साखळीचं रामायण)

आधीच सांगतो, थोडा वैतागून लिहितोय. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर काढताना सायकल उजव्या अंगावर पाडली, परत उभी करून ठेवली एवढी माणुसकी दाखवली, पण मागच्या नटातून बाहेर येणारी गिअरची बारीक साखळी तुटली. साखळी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. तिच्यापायी मी महिनाभर जे काही केलं ते ऐकून बायकोच्या मैत्रिणी अजून हसतायत.

सायकल नवीन नाही, जुळवलेली आहे. आत्याची लेडीज फ्रेम गच्चीवर गंजत पडली होती. बायकोचा गुडघा दुखतो, पाय मागून टाकून बसणं जमत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा साडीवर बँकेत जाते, त्यामुळे मध्ये दांडा नसलेलीच हवी होती. भोसरीत पावडर कोटिंग केलं, रंग तिनेच निवडला, मोरपंखी. कोटिंगवाल्याने क्रँकच्या बेअरिंगचा कप बसतो तिथले आटे न झाकताच रंग मारला, मग कप बसेना, तिथे आटे साफ करायला टॅप फिरवायचे दीडशे वेगळे. तुम्ही करणार असाल तर आटे आधी टेपने बंद करून घ्या. टायरमध्येही शेंडी लागली. २६ म्हणून मागितला की हातात एमटीबीचा (माउंटन बाइकचा) येतो, तो ५५९ मिमी रिमचा. जुन्या लेडीज सायकलच्या २६ x १ ३/८ ला ५९० लागतो. दोन्हीवर छापलेलं २६ च. एक टायर मी तसाच घरी घेऊन आलो होतो, तो अजून गॅलरीत आहे.

आता मुख्य लाड. जुन्या बाजारात रविवारी स्टर्मी आर्चर या इंग्रजी कंपनीचा तीन गिअरचा हब (मागच्या चाकाचा मधला भाग, गिअर त्याच्या पोटातच) मिळाला, मॉडेल एडब्ल्यू, अंगावर ६२ ५ असा ठसा, म्हणजे मे १९६२. अठराशे म्हणाला, पंधराशेत दिला. तारांची भोकं ४०. मागे ४० आणि पुढे ३२ तारा हा इंग्रजांचा हिशोब आपल्या काळ्या सायकलींनी तसाच ठेवलाय, त्यामुळे रिम शोधत फिरावं लागलं नाही. मागचं दातेरी चक्र १८ चं काढून २२ चं टाकलं (चक्र धरून ठेवणारी सर्कलिप उडून फ्रिजखाली गेली, अर्धा तास टॉर्च घेऊन आडवा पडलो होतो), कारण आम्ही महात्मा सोसायटीत राहतो आणि तो चढ कोथरूडकरांना सांगायला नको. पुढे ४४ दात, म्हणजे दुसऱ्या गिअरला क्रँक एकदा फिरली की चाक दोनदा, पहिल्याला दीडदा. कागदावर झकास. एकूण खर्च अकरा हजार तीनशे. "एवढ्यात नवी कोरी आली असती," हे वाक्य घरात महिन्यातून एकदा होतं.

पहिले तीन महिने मी खूश होतो. उभ्या उभ्या सिग्नलला गिअर बदलता येतो, चेन उतरायचा प्रश्न नाही, महिन्याला हबच्या टोपणातून पाच-सहा थेंब पातळ ऑइल सोडलं की बास. मग जानेवारीत कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला दुसरा आणि तिसरा याच्या मध्ये गिअर सुटला, पॅडल रिकामं फिरलं आणि तिच्या नडगीवर बसलं. हा या हबचा जुना खोडसाळपणा, केबल ढिली झाली की दोन आणि तीनच्या मध्ये काहीच नसतं. उपाय सोपा आहे. लिव्हर दोनवर ठेवायची आणि उजव्या नटाला जे भोक आहे त्यातून बघायचं, साखळीला जोडून आत जाणाऱ्या कांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे, नसेल तर साखळीपाशी केबलचा स्क्रू फिरवून आणायचा. मी तिला टॉर्च मारून दाखवलं. तिने मान डोलावली. मला वाटलं समजलं.

तर साखळी. तुटली ती टोकाला, जिथे केबलचा स्क्रू बसतो तिथे. केबलचा ताण गेला की हा हब सरळ तिसऱ्यात जाऊन बसतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर आणि वर चढ. दोन दिवस ती घामाघूम होऊन आली, तिसऱ्या दिवशी रिक्षाने. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, असला माल आता कुणाकडं आहे, पूर्ण हब बदला, साधं फ्रीव्हील टाका." तीनशे रुपयांच्या साखळीसाठी चाक उसवायचं? कंपनी तैवानला गेली तरी हे पार्ट अजून बनतात, म्हणून ऑनलाइन मागवली. नऊ दिवसांनी आली ती सव्वासहा इंची एक्सलची. माझा पावणेसहाचा. ऑर्डरमध्ये मी लिहिलं होतं, त्यांच्या बिलावरही पावणेसहाच छापलंय, पण उत्तर काय, "पाकीट उघडल्यावर परत घेत नाही." पाकीट न उघडता आतल्या कांडीची लांबी कशी कळावी हे त्यांनाच ठाऊक. फोटो, पट्टी लावून फोटो, चार मेल. शेवटी दुसऱ्याकडून मागवली.

मधल्या काळात जुगाड केला आणि तो मलाच आवडला. जुन्या चाकाची एक तार घेतली, तिचं वाकडं टोक साखळीच्या शेवटच्या कडीत अडकवलं, आटेवाल्या टोकाला निपल (तारेचा छोटा नट) लावून फ्रेमवरच्या क्लॅम्पमध्ये घातलं. निपल फिरवत गेलं की साखळी ओढली जाते. भोकातून बघत बघत दुसऱ्यावर आणून थांबलो. चाक आऊट झालं की आपण निपल फिरवून तार घट्ट करतो, तोच प्रकार. खर्च शून्य.

खरी साखळी आली त्या रात्री पाना घेऊन बसलो तर बायको म्हणाली, "अरे राहू दे ना, असंच बरंय. मी जानेवारीपासून दोनवरच चालवते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." आणि चढाचं काय? "शेवटच्या वळणाला मी उतरतेच की, शेजारच्या काकू भेटतात, गप्पा मारत चालत येते."

मग तिला नेमकं काय आवडलं ते विचारलं. जाळी! मागच्या मडगार्डला दोन्हीकडे भोकं पाडून नायलॉनच्या दोरीची जाळी विणली होती, जुन्या लेडीज सायकलींना असायची तशी, कर्वेनगरच्या पेंडसेंच्या सायकल संग्रहालयात पाहिल्यावर डोक्यात आलं होतं. दोरी चाळीस रुपये आणि माझी एक दुपार. आठ महिन्यांत पदर, ओढणी काही चाकात गेलं नाही, बँकेतल्या दोघीजणी तशी करून मागतायत. मला ती जाळी फक्त शोभेची वाटली होती.

बाकी किरकोळ. मागे भाजीची मोठी पिशवी बांधून एक हात सोडला की पुढचं चाक थरथरतं, वरचा दांडा नसल्याने फ्रेम तेवढी पिळवटतेच, जड सामान पुढच्या बास्केटमध्ये टाकायचं. पावसाचं म्हणाल तर गेल्या आठवड्यात पहिली सर आली, पुढे अल्युमिनियमची रिम असल्याने ब्रेक लागला, मागची लोखंडी नुसती कुरकुरली. तीसुद्धा बदलेन, पण आता ४० भोकांची अल्युमिनियमची शोधावी लागेल.

नवीन साखळी ड्रॉवरमध्ये आहे. सव्वासहावालीसुद्धा तिथेच आहे, पाकीट उघडलेलं पण न वापरलेली. कुणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत देतो, पोस्टाचा खर्च तुमचा. ५५९ चा टायरही आहे.